हाड जंतू खातात की आपण? हिरड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

वय ४६. ब्रश करताना रक्त येतं. एक्स-रे पाहून दंतवैद्य म्हणाले, पायोरिया आहे, हाड झिजलंय. जंतू हाड खातात का? प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या घेतल्या तर थांबेल का?
– एक वाचक, सांगली

गोळ्यांनी थांबणार नाही. तुमची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही; ती नको तिथे, आणि थांबायचं नाव न घेता, राबते आहे.

जंतू हाडाला सहसा तोंडही लावत नाहीत. दाताला चिकटलेला जंतूंचा थर आणि हाडाची कड यांच्यात साधारण दीड-दोन मिलिमीटर अंतर राहतं. थर मुळाकडे सरकला की हाड तेवढंच मागे हटतं, आणि ते मागे घेणारं शरीरच असतं. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा पहारा निरोगी तोंडातही चालू असतो. थर तसाच राहिला तर मागोमाग मॅक्रोफेज, टी आणि बी या आणखी संरक्षक पेशी जमतात, इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफसारखी सूज आणणारी रसायनं सुटतात. न्यूट्रोफिलमधून बाहेर पडलेलं कोलॅजन तोडणारं एन्झाइम दाताला हाडाशी बांधणारे तंतू कापतं. टी आणि बी पेशींकडचं ‘रँकल’ हे प्रथिन हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना कामाला लावतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

चोर सुटतो कसा, हे गेल्या काही वर्षांत बरंच उलगडलं आहे. १९९८ मध्ये सॉक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी हिरडी आणि दातामधल्या खोल झालेल्या फटीत, म्हणजे पॉकेटमध्ये, एकत्र सापडणाऱ्या तीन जंतूंचा गट वेगळा काढला: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. त्यातला पहिला सगळ्यात बिलंदर. त्याची जिंजिपेन नावाची एन्झाइमं रक्तातलं सी-५ हे संरक्षक प्रथिन कापतात. त्या तुकड्याचा वापर करून तो पांढऱ्या पेशीची मारण्याची क्षमता दाबतो, सूज मात्र चालू ठेवतो. कारण सुजलेल्या हिरडीतून झिरपणारं लोहयुक्त हीम आणि प्रथिनांचे तुकडे हेच त्याचं अन्न. २०११ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात या जंतूचं प्रमाण एकूण जंतूंच्या ०.०१ टक्क्याहूनही कमी असताना हाड गेलं. मात्र तोंडात दुसरे जंतूच नसलेल्या उंदरांत तो एकटा काहीच करू शकला नाही. म्हणून ‘तो एक जंतू मारून टाका’ या मागणीला फारसा अर्थ उरत नाही. त्याला जगू देणारा अख्खा थर काढावा लागतो.

प्रत्येकाची शरीरं सारखी लढत नाहीत, हेही खरं. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० पुरुष कामगारांना हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९७० पासून पंधरा वर्षं तपासलं. दात घासायची सवय कुणालाच नव्हती, कीटण सगळ्यांच्याच दातांवर होतं. तरी सुमारे ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत बेताने आणि ११ टक्क्यांत हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. ‘माझे आजोबा राखुंडीनं दात घासायचे, शेवटपर्यंत बत्तीस दात होते’ हा दाखला आम्हाला दर महिन्याला येतो. आजोबा बहुधा त्या ११ टक्क्यांतले. तुम्ही नाही, हे एक्स-रेनं सांगितलंय.

आता करायचं ते. दंतवैद्यांकडून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी पॉकेटची खोली मोजून घ्या आणि तो तक्ता मागून ठेवा. १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ आणि रक्त येत असेल तर उपचार हवेत, ६ किंवा जास्त म्हणजे काम अवघड. मग हिरडी बधिर करून मुळापर्यंतची सफाई, म्हणजे स्केलिंग आणि रूट प्लेनिंग. बहुधा दोन ते चार बैठका लागतात. आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. त्याआधी मोजण्यात अर्थ नाही, कारण हिरडी तेव्हा भरून येत असते. उरलेल्या खोल जागी शस्त्रक्रियेचा विचार तेव्हा. पुढे पहिली काही वर्षं दर तीन महिन्यांनी सफाई, कारण साफ केलेल्या पॉकेटमध्ये जंतूंची जुनी वस्ती साधारण तेवढ्याच काळात परत बसते. गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत येत नाही. आहे ते टिकवणं हेच यश.

रक्त येतं म्हणून आठवडाभर त्या बाजूला ब्रश लावला नाही. बरोबर केलं का?
– एक वाचक, डोंबिवली

नाही. १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हस इथे १२ निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं सुरू केल्यावर साधारण आठवड्यात पूर्ववत झाल्या. रक्त येतं तिथे थर साचलेला असतो, म्हणजे ब्रश तिथेच जायला हवा. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवून, जागच्या जागी हलका थरथरवत, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं.

दातांच्या मधल्या भागात ब्रशचे तंतू पोचत नाहीत, आणि आजार बहुधा तिथूनच सुरू होतो. तिथे दिवसातून एकदा, रात्री, इंटरडेंटल ब्रश फिरवा. मधोमध तार आणि तिच्याभोवती बारीक तंतू असलेला तो छोटा ब्रश फटीत किंचित अडखळत जायला हवा. सैल गेला तर थर तसाच राहतो. दाबून घुसवला तर तार दाताला खरवडते आणि मधली हिरडी खाली बसते. एकाच तोंडात दोन-तीन मापं लागतात, पहिल्यांदा दंतवैद्यांकडून लावून घ्या. फटी अगदी चिंचोळ्या असतील तर दातांचा दोरा, म्हणजे फ्लॉस. पहिले चार दिवस रक्त जास्त वाटेल, सात ते दहा दिवसांत कमी व्हायला हवं. झालं नाही, तर खाली कडक कीटण आहे. ते घरच्या ब्रशनं निघत नाही.

वडील विडी ओढतात, आई मिश्री लावते. दोघांच्या हिरड्यांतून रक्त कधीच येत नाही, पण दात हलतात. असं कसं?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

वडिलांचं आधी. धूम्रपानामुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद मंदावतो. सूज, लाली, रक्त ही धोक्याची खूण दबते; आत हाड जातच असतं. न्यूट्रोफिलही नीट काम करत नाहीत आणि सफाईनंतर पॉकेट कमी भरतात. विडी सोडल्यावर काही आठवड्यांत रक्त येऊ लागेल. त्याला घाबरून पुन्हा विडी पेटवू नये, हिरडी भानावर आल्याची ती खूण आहे.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. भरड कणांनी दात झिजतात, हिरडी मुळावरून खाली सरकते आणि तंबाखूची सवय वेगळीच. आईंचे दात हलण्याचं कारण पॉकेट मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. पण गालात, जिभेखाली, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर हिरड्यांची चिंता बाजूला ठेवून आधी ते दाखवा. कर्करोगाची तपासणी पुढे ढकलायची नसते.

मधुमेह आहे. साखर आणि हिरड्यांचा संबंध खरंच असतो?
– एक वाचक, नागपूर

दोन्ही बाजूंनी असतो. साखर चढी राहिली की न्यूट्रोफिल जंतू मारण्यात कमी पडतात, तर मॅक्रोफेज सूज आणणारी रसायनं गरजेपेक्षा जास्त सोडतात. उलट हिरडीतल्या कायमच्या सुजेमुळे इन्शुलिनचं काम अवघड होतं. हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर दाखवणारा आकडा) सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरतं, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलं आहे. औषधं बंद करण्याइतकं नाही, पण दुर्लक्ष करण्याइतकं थोडंही नाही. सफाईची वेळ सकाळची घ्या, नाश्ता आणि नेहमीची औषधं घेऊन जा, ताजा रिपोर्ट सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. ती आपल्या मनानं बंद करू नका.

दात साफ करून घेतले की हलायला लागतात, म्हणतात.
– एक वाचक, कोल्हापूर

हलतच असतात. कीटणाचा जाड थर त्यांना एकमेकांशी जखडून ठेवतो. तो निघाला की खरी स्थिती दिसते, सूज उतरल्यावर फटीही उघड्या पडतात. कीटण ठेवून दात वाचत नाहीत.

क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या वर्षभर करतोय. दात तपकिरी झाले.
– एक वाचक, मडगाव

जंतुनाशक गुळण्या आहेत त्या, वर्षभर करायच्या नसतातच. ०.२ टक्के द्रावण, १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे, तेही सफाईनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर, ब्रश नीट लावता येत नाही तेव्हा. टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक त्याचा असर कमी करतो, म्हणून मध्ये अर्धा तास जाऊ द्या. डाग चहा-कॉफीनं गडद होतात, पॉलिशिंगनं निघतील. गुळणी पॉकेटच्या तळाशी पोचत नाही, त्यामुळे ती सफाईची जागा घेऊ शकत नाही.

मेडिकलवाल्यानं अँटिबायोटिक दिलं, चार दिवसांत बरं वाटलं, महिन्यात पुन्हा तेच. आणखी एक: मुलगी १७ वर्षांची, कीटण जवळजवळ नाही, तरी पहिल्या दाढांभोवती हाड गेलंय म्हणे.
– एक वाचक, नाशिक

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थरातले जंतू चिकट आवरणात असतात. मोकळ्या जंतूंना मारणारी मात्रा त्यांना पुरत नाही, कधीकधी शेकडो पट जास्त लागते. गोळीनं सूज उतरते, थर राहतो. प्रत्येक अर्धवट कोर्सबरोबर औषधाला दाद न देणारे जंतू मात्र वाढतात.

मुलीच्या वयात, समोरचे दात आणि पहिल्या दाढा असा नेमका नमुना असेल, तर ॲग्रिगॅटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकोमिटान्स या जंतूचा संशय घेतात. त्याचं ल्युकोटॉक्सिन हे विष पांढऱ्या पेशींना भोकं पाडून मारतं, म्हणून कीटण थोडं असूनही हाड झपाट्यानं जातं. इथे मात्र मुळापर्यंतच्या सफाईसोबत ॲमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल एकत्र, साधारण आठवडाभर देण्याला आधार आहे. पण ते दंतवैद्य ठरवतील, पेनिसिलिनची ॲलर्जी विचारून. हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टकडे, याच महिन्यात जा. सरकारी दंत महाविद्यालयात हा विभाग असतो. जाताना धाकट्या भावंडांनाही न्या. हा प्रकार कुटुंबात चालतो, आणि त्यांच्या एक-दोन पॉकेट आत्ताच सापडल्या तर काम सफाईवर भागू शकतं.