जुन्या स्पोर्ट्स कारला फायबरग्लासचे फेंडर आणि बोनेट बसत नाहीत. भाग परत करावेत की आधी रंगवून मग आवळून बसवावेत?

आपल्या प्रश्नावरून मला परिस्थिती अशी समजली आहे : पोलादी बॉडीच्या, १९७०च्या दशकातील दोन आसनी स्पोर्ट्स कारसाठी आपण पुढचे दोन्ही फेंडर आणि बोनेट फायबरग्लासचे मागवले आहेत. डाव्या फेंडरची तीन भोके जुळत नाहीत, दरवाजाशी पडणारी फट वर २ मिमी तर खाली ९ मिमी आहे, बोनेटचा एक कोपरा उचललेला राहतो, आणि भाग आधी रंगवून घ्यावेत, बोल्ट आवळले की ते आपोआप जागेवर येतील, असे आपल्या पेंटरचे म्हणणे आहे.

या दोन्हींपैकी काहीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांवर मी हे काम अनेकदा केले आहे, आणि आपण सांगितलेल्या मापांत मला काहीही वावगे दिसत नाही. बाजारात मिळणारा फायबरचा भाग हा तयार भाग नसतो. तो एक कच्चा आकार असतो आणि आपल्या गाडीशी जुळवून तो पुरा करायचा असतो. हे सगळे जुळवणे रंगाच्या आधी संपले पाहिजे, आणि ते करताना बोल्टच्या जोरावर काहीही ओढून आणता कामा नये. पोलादी पत्रा ओढला तर वाकतो आणि तसाच राहतो. फायबर ओढले तर त्या क्षणी जागेवर आल्यासारखे वाटते, पण आतला ताण तसाच राहतो आणि काही महिन्यांनी बोल्टभोवती बाहेरच्या गुळगुळीत थराला, म्हणजे जेलकोटला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. रंगवलेल्या फेंडरवर अशा भेगा मी पाहिल्या आहेत. त्या पुट्टीने झाकल्या तरी पुन्हा वर येतात.

भाग जुळत नाही याची कारणे त्याच्या घडणीतच असतात. साचा बहुधा एखाद्या खऱ्या गाडीच्या फेंडरवरून काढलेला असतो, आणि तो फेंडर पूर्वी कधी ठोकून सरळ केलेला असेल तर ती चूक साच्यात उतरते. त्यानंतर काचेचे तंतू बांधून ठेवणारे पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकुंचन पावते. घनफळात हे आकुंचन साधारण ५ ते ८ टक्के असते. काचेचे तंतू त्यातले बरेचसे रोखून धरतात, पण सर्वत्र सारखे नाही. जिथे मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, थर जास्त पडले किंवा कोपरा तीव्र आहे तिथे भाग आत ओढला जातो. भाग साच्यातून लवकर काढून भिंतीला टेकवून ठेवला, तर तो स्वतःच्या वजनानेही पिळतो. म्हणूनच एकाच साच्यातून निघालेले दोन फेंडर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. मोठ्या कारखान्यांनाही हे चुकलेले नाही : १९६४च्या पोर्शे ९०४ची बॉडी तुकडे केलेले तंतू आणि रेझिन साच्यात फवारून बनवली जात असे, आणि त्यामुळे जाडी व वजन गाडीगणिक बदलत असे. शेवरोले कॉर्व्हेटची बॉडी १९५३पासून फायबरची आहे, पण तिथे शेजारचा प्रत्येक भागही फायबरचाच असतो. आपल्याला मात्र फायबर जुन्या पोलादाशी जुळवायचे आहे, आणि ते पोलादही पन्नास वर्षांत हललेले असते.

भाग परत करण्याची वेळ केव्हा येते, तेही सांगतो. हेडलाइटचे वर्तुळ लंबगोल झाले असेल, चाकाच्या कमानीचा मध्य चाकाच्या मध्यापासून स्पष्टपणे सरकलेला असेल, किंवा बोल्ट लावायची आतली पट्टीच अपुरी असेल, तर तो भाग ठेवू नये. तीक्ष्ण कडांवर नाण्याने हलकेच ठोकत जा. आवाज टणक येण्याऐवजी बोदा आला, तर तिथे जेलकोटच्या मागे हवेची पोकळी आहे असे समजावे. अशा चार-दोन पोकळ्या फोडून भरता येतात, सगळी कड पोकळ असेल तर नाही. आपल्या फेंडरमधली भोकांची चूक आणि फटीतला ७ मिमीचा फरक मात्र दुरुस्त होण्याजोगा आहे.

पहिले काम धुण्याचे. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेले मेण आणि पीव्हीए (पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा) पृष्ठभागावर शिल्लक असते. पीव्हीए पाण्याने जाते, मेणासाठी ग्रीस काढणारे द्रावण लागते. हे करण्याआधी पॉलिशपेपर मारला तर मेण ओरखड्यांत घुसते आणि पुढे रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

आता गाडीकडे या, कारण निम्मा दोष तिथे असण्याची शक्यता आहे. गाडी सपाट जमिनीवर स्वतःच्या चारही चाकांवर उभी असावी. जॅकवर किंवा स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीची, विशेषतः छप्पर नसलेल्या गाडीची, बॉडी किंचित वाकते आणि दरवाजाची फट बदलते. त्यानंतर दरवाजा उघडून टोकाला धरून वर उचलून पाहा. बिजागरीची पिन झिजली असेल तर दरवाजा लोंबतो, आणि वर २ मिमी व खाली ९ मिमी अशी फट पडण्यामागे अनेकदा हेच कारण असते. दरवाजामागचा पत्रा बॉडीला वेल्ड केलेला, म्हणजे न हलणारा, असल्यामुळे दरवाजा आधी त्याच्याशी जुळवावा, मग फेंडर दरवाजाशी, मग बोनेट फेंडरशी. हा क्रम उलटा केला तर एकेक मिलिमीटरची चूक पुढे ढकलली जाते आणि शेवटी सगळी गाडीच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकाला, येऊन साचते.

इथे एक सावधगिरी. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे किंवा पोर्शे ९११चे पुढचे फेंडर बोल्टने लावलेले असतात, त्यामुळे ते बदलता येतात. पण ज्या गाडीत पत्रा वेल्ड केलेला आहे आणि भार उचलतो, तिथे तो कापून फायबर चिकटवणे म्हणजे बॉडीची ताकद काढून घेणे होय. काढलेले पोलादी फेंडरही काम संपेपर्यंत जपून ठेवा. मापे घेण्यासाठी त्यांच्याइतका चांगला संदर्भ दुसरा नाही.

भोकांबाबत आपण घाई केली नसावी अशी आशा आहे. साच्यात खुणावलेल्या जागी भोक पाडायचे नसते. फेंडर क्लॅम्प आणि टेपने जागेवर धरून, सगळ्या फटी पाहून, मग गाडीच्या बाजूने खूण करावी. मास्किंग टेप लावून ड्रिल सुरुवातीला उलटे फिरवले तर जेलकोटचा टवका उडत नाही. भोक बोल्टपेक्षा २-३ मिमी मोठे किंवा लांबट ठेवावे. त्याचे कारण असे की, मॅटपासून बनवलेले फायबर उष्णतेने पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. मीटरभर लांबीच्या फेंडरमध्ये ४० अंशांच्या फरकाला अर्ध्या मिलिमीटरहून अधिक तफावत पडते, आणि तिला सरकायला जागा हवी. प्रत्येक बोल्टखाली रुंद वॉशर घालावा, आणि जिथे आवळ जास्त लागतो तिथे भोकात धातूची छोटी नळी बसवावी, म्हणजे दाब नळीवर येतो आणि फायबर चिरडत नाही. फट राहील तिथे शिम (पातळ चकती) घालावी. चुकीची जुनी भोके मागून काचतंतू आणि रेझिन लावून बुजवावीत.

खालच्या ९ मिमी फटीचा प्रश्न दरवाजा सरळ केल्यावरही उरला, तर फेंडरची कड वाढवावी लागेल, आणि बहुतेक लोकांचे काम इथेच बिघडते. पुट्टीने कड वाढवू नये. दरवाजाच्या पहिल्या जोरदार धक्क्याला ती गळून पडते. जेलकोट पूर्ण घासून काढावा आणि मागच्या बाजूने जाडीच्या किमान १२ पट लांबीचा उतार द्यावा. म्हणजे ३ मिमी जाडीला ३६ मिमी. मेण लावलेली पट्टी कडेला टेकवून त्यावर मॅटचे थर चढवावेत, घट्ट झाल्यावर हवी तेवढी फट ठेवून कानशीने कड काढावी. ४ ते ५ मिमी फट मला योग्य वाटते. पॉलिएस्टरच्या भागावर इपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचे रेझिन उत्तम चिकटते, मात्र इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. आणि मॅटमधला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळावा असा केलेला असल्यामुळे इपॉक्सीबरोबर मॅट न वापरता विणलेले कापड वापरावे.

बोनेटचा उचललेला कोपरा बहुधा त्याच्या खालच्या बाजूच्या आधाराच्या बरगडीच्या पिळामुळे असतो. ती बरगडी एक-दोन ठिकाणी कापून, बोनेट वाळूच्या पिशव्यांनी योग्य आकारात दाबून धरून, कापलेल्या जागी नवे थर लावावेत आणि किमान दोन दिवस दाब काढू नये. ग्राइंडर चालवताना धुळीचा मास्क आणि पूर्ण बाह्या असाव्यात. रेझिन, कोबाल्ट अॅक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा) आणि एमईकेपी हार्डनर (रेझिन घट्ट करणारे रसायन) वेगवेगळे मिळत असतील, तर कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नये. त्याचा स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, मग हार्डनर घालावा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल घातल्याशिवाय बाटली उघडू नये.

मूळ बिजागरीला जड पोलादी बोनेट उचलणाऱ्या स्प्रिंगा असतील तर त्या काढून टाका आणि बोनेट काठीने टेकवा. हलक्या बोनेटला त्या सतत वर ढकलत राहतात आणि बिजागरीपाशी ते तडकते. वेगात बोनेट उडू नये म्हणून मूळ खटक्याखेरीज दोन बोनेट पिना लावाव्यातच.

फायबरमधून वीज वाहत नाही, हे लक्षात न आल्याने दिवे मंद पडल्याची तक्रार अनेक जण करतात. फेंडरवरच्या दिव्यांना आणि हॉर्नला पूर्वी पत्र्यातून अर्थ मिळत होता. आता प्रत्येकाला चॅसीपर्यंत वेगळी तार द्यावी लागेल. एक्झॉस्टजवळ उष्णता परावर्तित करणारा पत्रा लावावा, कारण साधे पॉलिएस्टर ६० ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते.

सगळे जुळल्यावर भाग गाडीवरच सैल आवळून काही आठवडे उबेत राहू द्या. रेझिनचे घट्ट होणे साच्यातून काढल्यावरही चालू असते. ते संपण्याआधी रंग लावला, विशेषतः गडद रंग, तर उन्हात तापून तंतूंची नक्षी रंगातून दिसू लागते. त्यानंतर भाग काढताना कोणत्या बोल्टखाली किती शिम होत्या हे लिहून ठेवावे आणि शिमा त्याच जागेच्या नावाने पाकिटांत घालाव्यात. मग इपॉक्सी प्रायमर, आणि मग रंग. भट्टीत भाजायचे असेल तर तापमान कमी ठेवायला पेंटरला आवर्जून सांगा, आणि भाग तिथे टांगून न ठेवता गाडीवर बसतो त्याच आकाराच्या आधारावर ठेवायला लावा.