काचेवर फुटणारे लायपोसोम आणि प्लास्टिकचा ओशट पेला

प्रश्न : दुधाचा काचेचा पेला विसळल्यावर स्वच्छ होतो, प्लास्टिकचा ओशटच राहतो. एम.एस्सी. करणारी माझी मुलगी म्हणते, लायपोसोम काचेलाच चिकटतात. मग दुधातला स्निग्धांश काचेला का चिकटत नाही?
– एक वाचक, विलेपार्ले, मुंबई

उत्तर : दोन्हींत लिपिड (स्निग्ध रेणू) असले, तरी त्यांची घडण वेगळी आहे. लायपोसोम ही पाण्याने भरलेली पिशवी असते. तिची भिंत रेणूंच्या दोन थरांची, जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर जाडीची असते आणि भिंतीच्या दोन्ही बाजू जलस्नेही, म्हणजे पाण्याला धरून राहणाऱ्या, असतात. काचही जलस्नेहीच असल्यामुळे, मध्ये सुमारे एक नॅनोमीटर पाणी ठेवून, पिशवी काचेवर सुखाने बसते. १९९८ मध्ये केलर आणि कासेमो या संशोधकांनी कंप पावणाऱ्या क्वार्ट्‌झच्या चकतीवर हे अधिशोषण (पृष्ठभागाला चिकटणे) मोजले. सिलिकावर (काचेचा मुख्य घटकही हाच) पिशव्या आधी अखंड बसत गेल्या, पुरेशी दाटी झाल्यावर मात्र फुटून सलग द्विस्तर पसरला. आतले पाणी निसटल्यामुळे चकतीवरचा भार चक्क घटला, आणि फुटण्याचा क्षण त्यावरूनच कळला. ऑक्सिडीकृत सोन्यावर त्या न फुटता तशाच राहिल्या, तर जलद्वेषी (पाणी टाळणाऱ्या) पृष्ठभागावर एकेरी थर तयार झाला.

दुधातला स्निग्धकण म्हणजे बाहेरून प्रथिने व फॉस्फोलिपिडांचे आवरण असलेला, आतून निव्वळ तुपाचा थेंब. (दुधासारख्या मिश्रणाला परिभाषेत ‘पायस’ म्हणतात, खीर आठवली, तर दोष वाचकाचा नाही.) दुधात थेंब आणि काच या दोघांवरही ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि त्यांच्यामधला पाण्याचा पापुद्रा टिकतो. आवरण फाटले, तरी पाण्याला धरून बसलेल्या काचेवर तूप सहसा पसरत नाही. प्लास्टिक जलद्वेषी असल्याने तिथे तो पापुद्रा सहज तुटतो, थेंब टेकतो आणि आवरण फाटले की तूप पसरते. आवरणातली व दुधातली प्रथिनेही प्लास्टिकला घट्ट धरतात.

जुन्या पेल्यावर घासणीचे ओरखडे असतील तर त्यांतही स्निग्धांश अडकतो. शिवाय तो सुमारे ३७ ते ४० अंश सेल्सिअसला पूर्ण वितळतो आणि मुंबईच्या नळाचे पाणी ऐन मे महिन्यातही सहसा इतके गरम नसते. म्हणून प्लास्टिकचा पेला आधी साबणाच्या गरम पाण्यात भिजवावा, घासणी नंतर.