‘बाई, सोर्स दाबा!’

जून महिन्यात समुपदेशनासाठी माझ्याकडे पालकांइतकेच शिक्षक येतात. तक्रारीचे शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर एकच : “शाळेत स्मार्ट टीव्ही आलाय मॅडम, आणि मला काही हे आता जमायचं नाही.” कुणाकडे टीव्ही, कुणाकडे प्रोजेक्टर, कुणाकडे टच पॅनेल. विचारणारे बहुतेक पंचेचाळिशीच्या पुढचे. आणि गंमत म्हणजे कामचुकार माणूस या तक्रारीसाठी माझ्याकडे कधी येत नाही. येतात ते शिकवण्यात नाव कमावलेले.

अशाच एका शिक्षिकेची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव नको, मुलं म्हणतात तसं आपणही त्यांना बाईच म्हणू.

बाई ५१ वर्षांच्या. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवतात. गावातले इंजिनिअर झालेले पोरगे सुट्टीला आले की रस्त्यात थांबून पाया पडतात, अशी ख्याती. त्या माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. छातीत धडधड, मध्येच दरदरून घाम, शाळेत निघताना पोटात कळ. या वयात अशी लक्षणं ऐकली की मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. थायरॉइड, रजोनिवृत्ती, रक्तदाब, सगळं बघून घ्यायचं. मनाचं आहे असं ठरवून अंगाकडे काणाडोळा करण्याची घाई समुपदेशकाने करू नये. रक्तदाब जरा वर होता, बाकी तपासण्या ठीक आल्या. मग मी त्यांना धडधडीची वेळ लिहून ठेवायला सांगितली. नोंदी बघितल्या तर रविवारची आणि बुधवारची रात्र वाईट. सोमवारी आणि गुरुवारी टीव्ही असलेली खोली त्यांच्या वर्गाच्या वाट्याला यायची.

“स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून पर्समध्येच ठेवलाय,” त्या म्हणाल्या. निवृत्तीचं वय ५८, म्हणजे सात वर्षं बाकी. “सात वर्षं मुलांसमोर हसं करून घेण्यापेक्षा बरं.”

मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली आणि म्हटलं, तुमच्या नोकरीत मोबाइल आणि कॉम्प्युटरवर जे जे करावं लागतं ते लिहा. डावीकडे शिकवण्यासाठीचं, उजवीकडे बाकीचं. उजवी बाजू भरून ओसंडली : सरल, यू-डायस, शालार्थ अशा सरकारी पोर्टलांवर मुलांची, शाळेची, पगाराची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, ॲपवरची हजेरी, फोटो पाठवा, लिंक भरा, आजच भरा, आत्ता भरा. डावीकडे दोनच ओळी होत्या. एक, कोरोनात व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेले व्हिडिओ. दुसरी त्यांनी लिहून खोडली होती : ऑनलाइन प्रशिक्षण. ते भाच्याने क्लिक करून पूर्ण केलं होतं आणि प्रमाणपत्र यांच्या नावावर आलं होतं. ते सांगताना त्यांनी मान खाली घातली.

हे पान माझ्या दृष्टीने महत्त्वाचं होतं. राज्यात २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, लोकवर्गणीतून गावोगावच्या शाळा ‘डिजिटल’ झाल्या, २०१७ ला दीक्षा हे शैक्षणिक साहित्याचं सरकारी व्यासपीठ आलं, पुस्तकांत क्यूआर कोड दिसू लागले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळ्यांनाच एका रात्रीत ऑनलाइन व्हावं लागलं. या सगळ्या काळात बाईंपर्यंत तंत्रज्ञान पोहोचलं ते हुकूम म्हणून. त्यांच्या मनात राग होता आणि भीतीही होती, आणि दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेली. उजव्या बाजूचा राग रास्त आहे. त्यावर समुपदेशन हा उपाय नाही. तो मुख्याध्यापकांसमोर, संघटनेत, लेखी मांडण्याचा विषय आहे, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. आपल्याला काम करायचं होतं डाव्या बाजूवर.

बाईंच्या बोलण्यात डिसले गुरुजी वारंवार यायचे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं काम जगाने पाहिलं. “तेही झेडपीचेच ना? मग मला साधा टीव्ही लावता येऊ नये?” प्रशिक्षणांत हे उदाहरण उमेद वाढवायला सांगतात. बाईंच्या बाबतीत ते उलटं बसलं होतं. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की ‘हे मला जमेल’ हा विश्वास मुख्यतः चार ठिकाणांहून येतो : स्वतः केलेल्या कामातलं यश, दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी दिलेला धीर आणि त्या वेळची शरीराची अवस्था. पाहून येणारा विश्वास मात्र समोरचा आपल्यासारखा वाटला तरच येतो. म्हणून मी विचारलं, तुमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, तुमच्याच वयाचं, तुमच्याइतकंच चाचपडणारं, तरीही टीव्ही वापरणारं कुणी आहे का? शेजारच्या शाळेतल्या एक बाई निघाल्या. शिक्षण परिषदेत भेटायच्या, पण हा विषय कधी निघालाच नव्हता. बाई एका दुपारी त्यांच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसल्या. परत येऊन म्हणाल्या, “अहो, त्यांचाही टीव्ही पाच मिनिटं बंदच होता. त्या खुशाल पाढे म्हणून घेत होत्या!” त्या दिवशी बाई माझ्या खोलीत पहिल्यांदा हसल्या.

आता तंत्राकडे. फ्रान्सिस फुलर या अमेरिकन संशोधिकेने १९६९ पासून शिक्षकांच्या काळज्यांचा क्रम मांडला. आधी स्वतःची काळजी : माझं कसं होईल, मुलं काय म्हणतील. मग कामाची : वेळ कसा पुरणार, साहित्य कुठे ठेवायचं, वीज गेली तर. आणि मग कुठे मुलांची : याने त्यांना काही समजतंय का. पुढे टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी याच धाग्यावर, नवीन पद्धत स्वीकारताना शिक्षक कोणकोणत्या काळज्यांतून जातात याची पायरीवार मांडणी केली. आपली बरीचशी प्रशिक्षणं शेवटच्या पायरीपासून सुरू होतात. समोर बसलेली बाई मनात ‘लाल वायर कुठे लावतात’ म्हणतेय आणि फळ्यावर ‘एकविसाव्या शतकातील कौशल्ये’ लिहिलंय. बाईंना हा क्रम सांगितला तेव्हा त्या एकदम सैल झाल्या. आपली भीती हा वेंधळेपणा नसून पहिली पायरी आहे, एवढं कळणंही पुष्कळ असतं.

मी त्यांना टीव्हीवर काय दाखवता येईल असं विचारलं नाही. विचारलं, तुमच्या शिकवण्यात तुम्हालाच कुठे अडतं?

क्षणाचाही विचार न करता उत्तर आलं, “भौमितिक रचना! कोनदुभाजक.” आणि मग त्या उठून हातवारे करून दाखवू लागल्या. फळ्यावरचा तो भला मोठा लाकडी कंपास. टोक फळ्यावर ठरत नाही, घसरतं. खडू मध्येच मोडतो. एका हाताने टोक दाबायचं, दुसऱ्याने कंस काढायचा, तेवढ्यात आपलंच अंग आड येतं आणि मागच्या बाकावरून आवाज, “बाई, दिसत नाय!” पंचवीस वर्षं हेच चाललंय.

उपाय साधा निघाला. घरी टेबलाच्या कडेला पुस्तकांची चळत लावायची, फोन आडवा धरून निम्मा कडेबाहेर काढायचा, वरून जाड शब्दकोशाचं वजन ठेवायचं. खाली वही, पेन्सिल, रोजचा छोटा कंपास. बोलत बोलत रचना काढायची, दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा, पेन ड्राइव्हवर घ्यायचा, टीव्हीला लावायचा. इंटरनेट नको, ॲप नको, पासवर्ड नको. दीक्षावर तयार व्हिडिओ असतातच, पण पहिल्या खेपेला बाईंचा स्वतःचा हात आणि स्वतःचा आवाज मला मुद्दाम हवा होता. शिवाय स्वतःच्या व्हिडिओत पुढे काय येणार हे माहीत असतं. धडधड तेवढी कमी.

मध्ये अडथळा आला तो घरातूनच. बाईंचा मुलगा पुण्यात आयटीत. दिवाळीला आला होता. फाइल पेन ड्राइव्हवर कशी घ्यायची विचारलं की तो म्हणायचा, “आई, दे इकडे, मी करतो.” अर्ध्या मिनिटात काम फत्ते, आणि आई होती तिथेच. प्रेमाने केलेली ही मदत मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता नियमच सांगते : शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधायचे, फोन शिकणाऱ्याच्या हातात. दहा मिनिटं लागली तर लागू देत. मुलाशी मी फोनवर बोलले. बिचारा ओशाळला, पण ऐकलं. त्याच्याच लक्षात आलं की आईला चिन्हं ओळखू येत नाहीत ती अज्ञानाने नव्हे, तर दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून बारीक अक्षर धूसर दिसतं म्हणून. फोनवरची अक्षरं मोठी केली आणि निम्मी अडचण तिथेच संपली. पन्नाशीतल्या शिक्षकांसाठी हे कुठल्याच प्रशिक्षणात मी ऐकलेलं नाही.

राहिलं हसं होण्याचं भय. त्यासाठी आम्ही माझ्या खोलीत चक्क तालीम केली. टीव्ही लागला नाही तर काय बोलायचं? बाईंच्या तोंडी आधी आलं, “मला यातलं काही कळत नाही बाळांनो.” हे नको, म्हटलं. ते खरंही नाही आणि वर्गासमोर स्वतःला कमी लेखायचं कारण नाही. घोळवून घोळवून वाक्य ठरलं : “हे लागत नाहीये. कुणाला माहितीये? ये, दाखव.” आणि सोबत एक मर्यादा : दोन मिनिटांत लागला नाही तर फळा. लाकडी कंपास आधीच आणून ठेवायचा.

अपेक्षेप्रमाणे पहिल्याच दिवशी टीव्ही निळा होऊन बसला. बाईंच्या कानशिलात ठोके पडू लागले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “बाई, सोर्स दाबा!” पाठ केलेलं वाक्य तोंडातून निघालं, “ये, दाखव.” एक मुलगी पुढे आली, रिमोटचं बटण दाबून यूएसबी निवडलं आणि जागेवर जाऊन बसली. कुणी हसलं नाही. उलट टीव्हीवर बाईंचा हात दिसताच, “बाईंची बांगडी, बाईंची बांगडी” असा गलका झाला. मग बाईंना खरी किल्ली सापडली : थांबवण्याचं बटण. पहिला कंस झाला की थांबवायचं, मुलांनी वहीत काढायचं, बाईंनी बाकांमधून फिरायचं. फळ्याकडे तोंड करून उभं राहण्यात जाणारा वेळ आता मुलांच्या वह्यांवर जाऊ लागला.

शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याने मात्र शेरा मारला, “हे तर फळ्यावरचंच टीव्हीवर आणलं, यात नवीन काय?” बाई पुन्हा खट्टू होऊन आल्या. मी त्यांना एक उदाहरण दिलं. ॲपल कंपनीने १९८५ पासून अमेरिकेतल्या काही शाळांत दहाएक वर्षं वर्गांमध्ये कॉम्प्युटर देऊन शिक्षकांचा अभ्यास केला होता. तिथेही शिक्षकांनी आधी नव्या यंत्रावर जुनंच काम केलं. वेगळं काही करायला लागले ते हात बसल्यावर. अमेरिकेतल्या शिक्षकांना चालतं ते तुम्हालाही चालेल, म्हटलं.

हात बसला तसा पुढचा बदल बाईंनी आपणहून केला, मी सुचवला नव्हता. गटागटाने मुलांनी रचना काढायची, एकाने बोलायचं, एकाने बाईंच्या फोनवर चित्रण करायचं. (पालकांना विचारून, आणि व्हिडिओ कुठल्याही ग्रुपवर किंवा स्टेटसला न टाकता, हे मी बजावलं.) एका व्हिडिओत कोनाच्या आत एकमेकांना छेदणाऱ्या दोन कंसांपैकी पहिला बरोबर, दुसरा काढताना मात्र कंपासमधलं अंतर किंचित बदललेलं. दुभाजक तिरका गेला. आजवर वहीत फक्त शेवटची आकृती दिसायची आणि बाई लाल पेनने ‘चूक’ लिहायच्या. चूक नेमकी कुठल्या क्षणी झाली ते कधी दिसलंच नव्हतं. व्हिडिओ मागे नेऊन पाहिला तर मुलाचं काही चुकत नव्हतं. कंपासचा स्क्रू ढिला होता. बाईंनी वर्गातले सगळे कंपास तपासले, ढिल्यांची संख्या पाहून कपाळावर हात मारला, आणि आता त्यांच्या टेबलाच्या खणात एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर असतो.

टच पॅनेलवर लिहिणं त्यांना अजून आवडत नाही. अपूर्णांक त्या फळ्यावरच शिकवतात आणि माझ्या मते बरोबर करतात. माहिती भरण्याचा त्रास आहे तेवढाच आहे. झोप बरीच सुधारली. गेल्या खेपेला आल्या त्या वेगळीच तक्रार घेऊन : मुलं व्हिडिओत फार लांबण लावतात, एका तासिकेत सगळ्या गटांचं पाहून होत नाही, आणि मागे राहिलेल्या मुलांनाच बोलायला मिळत नाही. यात त्यांचं स्वतःचं काय होईल हा विषय कुठेच नव्हता. दोन तासिका जोडून मागा, एवढंच मी सुचवलं. मुख्याध्यापकांनी शनिवारच्या दिल्या.