किती मीटरने चुकेल, ते आधी सांग

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बी.एस्सी. संपत आलं, आता पुण्याला जाऊन जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांचा डेटा हाताळण्याचा कोर्स करू, ड्रोनचं लायसन काढू की पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकू, असे तीन प्रश्न तू एका दमात विचारलेस. तिन्हींचं उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं: कुठल्या चुकीचा जाब द्यायची तुझी तयारी आहे? आपल्या नकाशांच्या धंद्यात प्रत्येक नकाशा थोडाफार चुकतोच. मोजणीवाल्याला सेंटीमीटरचा हिशेब द्यावा लागतो, उपग्रहाच्या चित्रावरून पीक ओळखणाऱ्याला दहा मीटरचा. कचेरीत तालुक्याचा डेटा सांभाळणाऱ्याची चूक मीटरमध्ये नसतेच; एका गावाची ओळ दुसऱ्या गावाला चिकटते आणि महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही.

मोजणीपासून सुरू करतो, कारण मराठवाड्यात काम सगळ्यात जास्त तिथं आहे आणि भांडणंही. शंभर मीटर लांबीचा बांध एक मीटर सरकला तर शंभर चौरस मीटर जमीन इकडची तिकडे होते. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे एका मीटरच्या चुकीत जवळजवळ अख्खा गुंठा गेला. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या शिवारातसुद्धा तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, म्हणून मोबाइलवर बांध दाखवणाऱ्या माणसाच्या नादी लागू नको. तिथं रोव्हरच लागतो, म्हणजे काठीवर बसवलेलं मोजणीचं जीपीएस यंत्र. आरटीके रोव्हर, म्हणजे दुसऱ्या स्थिर यंत्राकडून क्षणोक्षणी दुरुस्ती घेणारा, 'फिक्स' (जागा पक्की ठरली) दाखवत असेल तर आडवी अचूकता एक-दोन सेंटीमीटर मिळते. 'फ्लोट' (अजून पक्की नाही) दाखवत असेल तर चूक काही डेसीमीटरपर्यंत जाते आणि आकडे मात्र तितकेच रुबाबदार दिसतात. आंब्याच्या झाडाखाली, पत्र्याच्या शेडला लागून, उंच भिंतीजवळ सिग्नल आपटून येतो. तिथं फिक्स आलं तरी दोन मिनिटं थांब, रोव्हर बंद करून पुन्हा चालू कर आणि तोच बिंदू परत घे. दोन्ही वेळचे आकडे जुळले तरच वहीत लिही.

नव्या माणसाच्या चुका ठरलेल्या असतात. काठीची उंची दोन मीटर असताना १.८ टाकली की साऱ्या उंच्या वीस सेंटीमीटरने बिघडल्या. दोन मीटरची काठी दोन अंश जरी कलली तरी टोक सात सेंटीमीटर सरकतं, म्हणून काठीवरचा बुडबुडा मधोमध आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. शिवारात रेंज नसली की नेटवर्कवरची दुरुस्ती मिळत नाही, मग स्वतःचा बेस, म्हणजे दुरुस्ती पाठवणारं स्थिर यंत्र, लावावा लागतो. बेसचे आकडे टाकताना एक अंक चुकला तर अख्खी मोजणी एकसंध सरकते आणि आतल्या आत सगळं जुळतं! यावर उपाय एकच: सकाळी काम सुरू करताना आणि संध्याकाळी आवरताना एकाच ओळखीच्या बिंदूवर रोव्हर ठेवून बघायचं.

आपल्याकडची काळी जमीन हा वेगळाच विषय आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत ठोकलेला खिळा मे महिन्यात जिथं होता तिथं सप्टेंबरात असेलच असं नाही. कायमची खूण पुलाच्या कठड्यावर, मंदिराच्या ओट्यावर, विहिरीच्या पक्क्या बांधकामावर कर.

उंचीचं एक लक्षात ठेव. रोव्हर देतो ती लंबगोलावरची, म्हणजे गणिताने मानलेल्या गुळगुळीत पृथ्वीवरची उंची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्या भागात दोन्हींत साठ-सत्तर मीटरचं अंतर पडतं. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे, पण रोव्हर पाचशेच्या आसपास दाखवेल. यंत्र बिघडलेलं नसतं. या दोन उंच्यांतला फरक सांगणारं जिऑइड मॉडेल न लावता पाइपलाइनची पातळी काढलीस तर मात्र ठेकेदार तुला शोधत येईल.

आणि एक कटू गोष्ट: रोव्हर दोन सेंटीमीटर अचूक असला तरी जुनं टिपण, म्हणजे पूर्वीच्या मोजणीचं कागदी रेखाटन, तेवढं अचूक नसतं. ते साखळीने मोजलेलं, कागदावर काढलेलं, कागद आकसलेला. टिपण, सातबारावरचं क्षेत्र आणि जागेवरचा बांध ही तीन एकमेकांशी जुळतीलच असं नाही, आणि खरं कोण हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी गटबुक, फाळणी, आकारफोड ही मोजणीची जुनी कागदपत्रं वाचता यायला हवीत. हे कुठल्याच कोर्समध्ये धड शिकवत नाहीत. भूकरमापकाच्या, म्हणजे सरकारी मोजणीदाराच्या मागे फिरूनच येतं. भूमी अभिलेख खात्यात शिरायचं असेल तर भूकरमापक तथा लिपिक या पदाला स्थापत्यची पदविका किंवा दहावीनंतर आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड मागतात, शिवाय मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची टायपिंग. तुझ्या भूगोलाच्या पदवीवर ते दार उघडत नाही, हे आत्ताच कळलेलं बरं.

ड्रोनचं भूत बऱ्याच पोरांच्या डोक्यात आहे. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना आली, गावठाणं ड्रोनने मोजून घरमालकांना मिळकत पत्रिका द्यायचं काम सुरू झालं, तेव्हापासून जास्तच. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनने पैशाचं काम करायचं तर डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेतून रिमोट पायलट प्रमाणपत्र घ्यावं लागतं. वय १८ पूर्ण, दहावी पास, एवढंच मागतात. सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सूट २०० फुटांपर्यंतच. त्याच्या आत शिरायचं तर परवानगीशिवाय नाही. चिकलठाणा विमानतळाच्या आसपास काम घेतलंस तर डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हा नकाशा त्या दिवशी सकाळी पुन्हा बघ.

पण उडवणं हा या कामातला सगळ्यात स्वस्त भाग आहे, पोरंसोरंही उडवतात. पैसे मिळतात ते उडवल्यानंतरच्या प्रक्रियेला. एक इंची सेन्सरचा २० मेगापिक्सेल कॅमेरा शंभर मीटरवरून सुमारे २.७ सेंटीमीटरचा पिक्सेल देतो. फोटो पुढेमागे ८० टक्के, आजूबाजूला ७० टक्के एकमेकांवर यायला हवेत. उभ्या उसावर वारा सुटला की पानं प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात, सॉफ्टवेअरला जुळणी सापडत नाही आणि नकाशात भोकं पडतात. जमिनीवरच्या नियंत्रण खुणा (रोव्हरने नेमकी जागा मोजलेल्या) फक्त चार कोपऱ्यांना लावल्या तर मधला भाग फुग्यासारखा वर येतो किंवा खाली बसतो, म्हणून मध्येही लाव. शिवाय दोन-तीन खुणा प्रक्रियेत न वापरता बाजूला ठेव, शेवटी त्यांच्यावर ताडून बघायला. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि बऱ्याच ड्रोनची मर्यादा चाळीस अंशांची असते. उन्हाळ्यात अकराच्या आत आवर.

आता पिकांकडे येतो. मला विचारशील तर तुझी पदवी इथं सगळ्यात जास्त कामाला येईल. पीक विमा, दुष्काळाचं मूल्यमापन, पेऱ्याचा अंदाज, सगळ्यांना उपग्रहाचं चित्र वाचणारी माणसं लागतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा डेटा फुकट आहे, दहा मीटरचा पिक्सेल, दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एक चित्र. ऐकायला छान वाटतं. आता कागद घेऊन बस. एक एकराचं चौकोनी शेत म्हणजे साधारण ६४ मीटर बाय ६४ मीटर. त्यात सहा बाय सहा पिक्सेल बसले. कडेच्या पिक्सेलमध्ये बांध, बाभळी, शेजाऱ्याचा कापूस मिसळतो, ते काढून टाक. उरले चार बाय चार, सोळा. अर्ध्या एकरात तेच चार उरतात. वाटण्या होऊन पट्टे पडलेल्या गावात तर एकही निखळ पिक्सेल मिळणार नाही. मग 'प्रत्येक शेतकऱ्याचं पीक उपग्रहावरून सांगतो' म्हणणाऱ्या कंपनीच्या मुलाखतीला गेलास की हा हिशेब तोंडपाठ असू दे.

दुसरी अडचण ढगांची. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन जोमात असतं आणि नेमकं तेव्हाच चित्रात कापूस पिंजल्यासारखे ढग. तिथं सेंटिनेल-१ चं रडार कामाला येतं, ते ढगांतून बघतं. पण त्याचं चित्र कणाकणांचं, वाचायला सराव लागतो. तिसरी अडचण आंतरपिकाची. सोयाबीनमध्ये तूर असली की सप्टेंबरात दोन्ही एकच हिरवी दिसतात. सप्टेंबरअखेर सोयाबीन पिवळं पडून काढणीला येतं, तूर मात्र डिसेंबरपर्यंत हिरवी राहते. म्हणून एका तारखेच्या चित्रावर कधीच बोलू नको. जूनपासूनची रांग लाव आणि हिरवेपणा कधी चढला, कधी उतरला ते बघ. संगणकाला पिकं ओळखायला शिकवायचं तर शेतांवरचे नमुने लागतात; ते गोळा करताना रस्त्यावरून फोटो काढून निघू नको. बांधापासून वीस-तीस मीटर आत जाऊन उभं राहा. आणि ज्या शेताच्या पिक्सेलवर संगणकाला शिकवलं, त्याच शेताच्या दुसऱ्या पिक्सेलवर परीक्षा घेऊ नको. तशी घेतली की अचूकता हमखास फुगते. परीक्षेची शेतं वेगळीच हवीत, जमल्यास वेगळ्या गावची.

पाण्याचं काम याला जोडूनच आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हापासून गावाच्या पाण्याचा ताळेबंद हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यात एकच सावध करतो: फुकट मिळणारे उंचीचे डिजिटल नकाशे तीस मीटरच्या पिक्सेलचे असतात आणि त्यांतली उंची काही मीटरने चुकू शकते. पाणलोटाची हद्द काढायला ते पुरे, उतारावर एकाच पातळीत खोदायचे सलग समतल चर आखायला नाहीत. गोदाकाठच्या सपाट भागात तर ओढाच भलतीकडे वळलेला दिसतो. शेततळ्यांचंही तसंच: ३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे सेंटिनेल-२ च्या चित्रात जेमतेम नऊ पिक्सेल, त्यातले कडेचे आठ काठाशी मिसळण्याच्या बेतात.

डेटा सांभाळणाऱ्यांच्या कामाला कुणी ग्लॅमर देत नाही, पण महावितरणचे खांब, जलजीवनच्या पाइपलाइनी, नगरपालिकेची मालमत्ता करआकारणी, सगळीकडे हाच माणूस लागतो आणि नोकरी तुलनेने टिकते. इथं चुका चोरपावलांनी येतात. शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकारात रकान्याचं नाव दहा अक्षरांवर कापलं जातं. अक्षरं कशी वाचायची हे सांगणारी एन्कोडिंगची फाइल हरवली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून जिओपॅकेज हा नवा फाइल-प्रकार वापर. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी यादी युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय जोडू नको. गावाच्या नावावर जोडणी तर मुळीच नको. एकाच जिल्ह्यात पिंपळगावं किती, मोजून बघ. जोडणी गावाच्या कोडवरच.

प्रोजेक्शनचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी मांडायची त्याचं, तर प्रत्येक मुलाखतीत विचारतात. मराठवाडा जवळपास सगळा यूटीएम या प्रोजेक्शनच्या ४३ व्या झोनमध्ये येतो; सॉफ्टवेअरमध्ये त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. पण ७८ अंशांची रेखा किनवट तालुक्यातून जाते आणि तिच्या पूर्वेला ४४ वा झोन लागतो. नांदेड जिल्ह्याचं काम करताना अख्खा जिल्हा एकाच झोनमध्ये ठेव आणि तसं लिहून ठेव. वेबवरच्या नकाशाचं मर्केटर प्रोजेक्शन तसंच ठेवून क्षेत्रफळ काढलं तर आपल्या अक्षांशावर ते सुमारे १२ टक्के जास्त येतं. एक हेक्टरच्या मालकाला तू बारा आर फुकट वाटलेस.

आता काय करायचं ते. पुण्याचा महागडा कोर्स लगेच नको. नकाशांचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, देहरादूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्ग फुकट आहेत, ते कर. स्वतःच्या गावाचा गट नकाशा महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून घे आणि क्यूजीआयएसमध्ये दहा-बारा ओळखीच्या बिंदूंच्या अक्षांश-रेखांशांवर बसव. रस्त्याचे तिठे, जुन्या विहिरी, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, असे बिंदू निवड. बसवताना 'थिन प्लेट स्प्लाइन' ही पद्धत निवडलंस तर उरलेली चूक शून्य दिसेल. भुलू नको, ती पद्धत कागद ताणून प्रत्येक बिंदूवर बसवतेच. साधं पहिल्या घाताचं बहुपदी रूपांतर (सगळा कागद एकसारखा सरकवणारं, फिरवणारं) घे आणि किती मीटर उरतात ते बघ. मग गावातल्या वीस विहिरी मोबाइलवर नोंदव, त्यातल्या पाच दुसऱ्या दिवशी पुन्हा नोंदव. दोन दिवसांत किती फरक पडला ते लिही. हे जमलं की एसक्यूएल आणि पोस्टजीआयएस, म्हणजे नकाशांचा डेटाबेस हाताळणं, त्यानंतर पायथन. उलट्या क्रमाने शिकलेली मुलं कोड लिहितात, पण नकाशा चुकला हे त्यांना दिसत नाही.

काम कुठं मिळेल? जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांचं. खासगी कंपन्या पुण्यात. राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपूरला. नांदेड-लातूरकडच्या मुलांना हैदराबादही जवळ: एनआरएससी हे देशाचं सुदूर संवेदन केंद्र तिथंच आहे, भारतीय सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षण संस्थाही. केंद्राच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या नकाशांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आडवी एक मीटर आणि उभी तीन मीटर यापेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतीय संस्थांनीच तयार करायचा आणि भारतातच ठेवायचा आहे. त्यामुळे परदेशी कंपनीला बारीक नकाशा हवा असला तरी तो इथल्याच माणसाच्या हातून जातो.

पहिली नोकरी बहुधा दिवसभर पडद्यावर शेतांचे, घरांचे बहुभुज काढत बसण्याची असेल. वर्षभर कर, त्याहून जास्त नको.

गावाचा नकाशा झाला की मला पाठव. रंगीत पीडीएफ नको. जिओपॅकेज आणि सोबत एक तक्ता, कुठला बिंदू किती मीटरने हलला त्याचा.

कळावे.