अमेरिकेत घर आपलं असूनही गवत, रंग, पडदे यांवरून गावाची नोटीस का येते? त्यावर हरकत घेता येते का?

घेता येते. आम्ही घेतली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं घर मिझुरीत, सेंट लुईसला चिकटलेल्या एका उपनगरात. नाव लिहीत नाही, अजून तिथेच राहायचंय. २०१७ च्या एप्रिलमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. बाबा इस्लामपूरकडचे, सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये, पण रिकामी जमीन त्यांना बघवत नाही. मागच्या अंगणात मेपलची गच्च सावली, ऊन सगळं पुढे. आठवड्याभरात त्यांनी पुढच्या हिरवळीचा एक पट्टा खणून काढला. इंडियन ग्रोसरीतून भाजीसाठी आणलेल्या अरवीतले डोळे फुटलेले कंद निवडून लावले, दोडक्याला पाइपांचा मांडव घातला, कडेने चवळी. सेंट लुईसचा उन्हाळा कोकणासारखा घामट. अळूला तेच हवं असतं. जुलैपर्यंत सुपाएवढी पानं झाली होती आणि दोडका फुलावर आला होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दारावर नारिंगी कागद. दहा इंचांपेक्षा उंच तण, दहा दिवसांत काढा, नाहीतर दंड. बाबांनी मला तो वाचून दाखवायला लावला. "तण?" एवढंच म्हणाले. पन्नास वर्षं शेत बघितलेल्या माणसाच्या दोडक्याला कुणीतरी गाडीत बसल्या बसल्या तण म्हणून गेलं होतं.

त्यात गंमत अशी की समोरच्या घराच्या पायऱ्यांवर दोन भल्यामोठ्या कुंड्यांत हेच झाड होतं. हेच म्हणजे हेच, अळू. मोठ्या दुकानात बागकामाच्या विभागात ते 'एलिफंट इअर' नावाने चांगल्या किमतीला मिळतं. त्यांना नोटीस नाही. ते शोभेचं, आमचं तण.

मी त्या रात्री नियम काढून वाचला. इथली बरीच गावं स्वतः नियम लिहीतच नाहीत. 'इंटरनॅशनल प्रॉपर्टी मेंटेनन्स कोड' म्हणून तयार मसुदा मिळतो, तो उचलतात. त्यात तणाच्या कलमात उंचीचा आकडा चक्क रिकामा सोडलेला असतो, गावाने आपला भरायचा. पण त्याच कलमाच्या पुढच्या वाक्यात तणाची व्याख्या आहे आणि तिथे स्पष्ट म्हटलंय की लागवड केलेली फुलं आणि बागा यांत धरायच्या नाहीत. आणि अपिलाला नोटीस मिळाल्यापासून वीस दिवस. आमच्या गावाने दोन्ही जसंच्या तसं घेतलं होतं. म्हणजे एक पानाचा अर्ज, चार फोटो, प्रकरण मिटलं असतं.

नवरा म्हणाला, अजिबात नाही. "आपण परक्या देशात आहोत, नियम म्हणजे नियम." खरं कारण वेगळं होतं. ग्रीन कार्डाची फाईल चालू होती आणि सरकारदरबारी कुठेही नाव नको होतं. मी सांगत होते, अरे, ग्रीन कार्डाच्या अर्जात साइटेशन, म्हणजे दंडाचं तिकीट, मिळालं का विचारतात, अपील केलं का हे विचारत नाहीत. आत्ता अपील केलं तर साइटेशनपर्यंत गोष्ट जाणारच नाही. त्याचं एकच, वाद वाढवू नको. वाद घालता घालता दहा दिवस गेले आणि साइटेशन आलंच. सव्वाशे डॉलर. त्याने त्याच संध्याकाळी ऑनलाइन भरले. म्हणजे गुन्हा कबूल. ज्याला भीत होता तेच झालं, फाईलला पुढे त्याचा कागदही जोडावा लागला. आजही विषय निघाला की म्हणतो, "सव्वाशे डॉलरमध्ये सुटलो." सुटलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला उठले तर मांडव नव्हता. बाबांनी पहाटे एकट्याने सगळं उतरवलं होतं, पाइप लांबीप्रमाणे लावून गॅरेजमध्ये ठेवले होते आणि खाली वाकून वेल गुंडाळत होते. "जावईबापूंना त्रास नको," म्हणाले. आईने दिवसभर अळूवड्यांचे उंडे वाफवले. त्यातली एक ताटली बाबांनी समोरच्या घरी पाठवली. तक्रार त्यांनीच केली असा माझा संशय होता, अजून आहे. ताटली धुऊन परत आली, वर चॉकलेटं ठेवून.

आता तुमचं 'का'. पुष्कळदा पैशासाठी. सेंट लुईस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नव्वदच्या आसपास स्वतंत्र नगरपालिका आहेत, कित्येक इतक्या चिमुकल्या की दंडाशिवाय त्यांचं भागत नाही. फर्ग्युसन हे त्यातलंच एक गाव, आमच्याच काउंटीत. केंद्राच्या न्यायखात्याच्या २०१५ च्या अहवालात आहे की वाढलेल्या गवताला एखाद्या गावात ५ डॉलर दंड असायचा तर फर्ग्युसनमध्ये ७७ ते १०२. त्याच वर्षी राज्याने वाहतुकीच्या दंडातून किती कमवायचं यावर मर्यादा घातली. पेजडेल हे जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव, तिथे जुळत नसलेले पडदे, घरापुढे बार्बेक्यू असल्या गोष्टींवर तिकिटं फाडत होते. रहिवाशांनी २०१५ मध्येच फेडरल कोर्टात दावा लावला आणि २०१८ मध्ये कोर्टाच्या हुकमाने गावाला ते बंद करावं लागलं. ती बातमी मी नवऱ्याला जेवताना मोठ्याने वाचून दाखवली होती. ती सगळी माणसं आपल्यापेक्षा गरीब होती आणि तरी लढली, असंही म्हटलं. तो मीठ मागून गप्प बसला.

तर करायचं काय: नोटिशीवरचा कलमाचा आकडा बघा, ते कलम व्याख्येसकट वाचा, तारखेसकट फोटो काढा, मुदतीत लेखी अपील द्या. फोनवरच्या गोड बोलण्यावर विसंबू नका. आणि घरातल्या शहाण्या माणसाला विचारू नका. भाजीपाल्यावरून नोटीस असेल तर राज्याचा कायदाही तपासा. फ्लोरिडाने २०१९ मध्ये घरच्या भाजीच्या बागांवर बंदी घालायला गावांना मनाई केली, आणि आमच्यापासून नदी ओलांडली की इलिनॉय, तिथेही २०२२ पासून आपल्या जागेत भाजी लावायचा हक्क कायद्यात आहे. पंधरा मैल पूर्वेला घर घेतलं असतं तर, जाऊ दे.

हे सगळं गावाच्या नियमांबद्दल. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर सही तुम्हीच केलेली असते, ते प्रकरण वेगळं. प्रत्येक गाव मसुद्यात फेरफार करतं, त्यामुळे वीस दिवस तुमच्याकडे दहाही असू शकतात. आणि सगळेच नियम मूर्खपणाचे नाहीत, हेही लिहायला हवं. आमच्या मागच्या गल्लीत एक घर दोन वर्षं रिकामं पडून होतं, उंदीर थेट आमच्या गॅरेजपर्यंत आले. तेव्हा गावाला फोन मीच केला होता. जुन्या घरांच्या पोपडे निघालेल्या रंगात शिसं असतं, लहान मुलं ते तोंडात घालतात. नवऱ्याच्या बाजूने एवढंच बोलेन.

बाबांनी ऑक्टोबरमध्ये जाताना कंद खणून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. इथल्या थंडीत जमिनीत राहिले तर सडतात. तेव्हापासून दर मे महिन्यात मी ते पुढच्या पायरीवर कुंडीत लावते. पहिल्या वर्षी दुकानात जाऊन एक 'एलिफंट इअर'चं रोप विकत आणलं, त्याचं प्लॅस्टिकचं लेबल काढून बाबांच्या अळूत खोचलं. लेबलावर किंमतही आहे. अजून नोटीस आलेली नाही.