वाचकांचे प्रश्न : विमान परदेशी, त्यात आपले काम किती?

प्रश्न : राफेलच्या खरेदीत पन्नास टक्के ऑफसेटची अट होती, म्हणजे निम्मे पैसे भारतात परत आले, असे म्हणतात. हे खरे आहे का? आणि नाशिकजवळच्या ओझरला रशियन बनावटीची सुखोई लढाऊ विमाने बनत असताना आपल्याला पुन्हा परदेशाकडे का जावे लागते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : निम्मे पैसे परत आले, असे म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये फ्रान्सशी झालेल्या करारात ३६ विमानांची किंमत सुमारे ७.८७ अब्ज युरो ठरली आणि तिच्या निम्म्या मूल्याइतके काम भारतात आणण्याचे बंधन विक्रेत्या कंपन्यांवर घालण्यात आले; यालाच ऑफसेट म्हणतात. हे बंधन भारतीय कंपन्यांकडून भाग विकत घेऊन, येथे गुंतवणूक करून किंवा तंत्रज्ञान देऊन पुरे करता येते, आणि ते काम खरेदी केलेल्या विमानाचेच असले पाहिजे, असेही नाही. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात राफेल बनवणारी दासो कंपनी आणि रिलायन्स यांनी मिळून उभारलेल्या कारखान्यात फाल्कन या खासगी प्रवासी जेट विमानाचे भाग बनू लागले, ते याच चौकटीत.

हिशेबाची रीतही पाहण्यासारखी आहे. शंभर रुपयांच्या भागासाठी साठ रुपयांचा माल आयात झाला असेल, तर श्रेय उरलेल्या चाळीस रुपयांचेच मिळते. हा नियम रास्त आहे. मात्र काम लघुउद्योगाकडून करून घेतल्यास दीडपट, तर डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेला निवडक तंत्रज्ञान दिल्यास तिपटीपर्यंत श्रेय देण्याची तरतूद या कराराच्या वेळच्या नियमांत होती. त्यामुळे कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षात आलेले काम यांत अंतर पडू शकत होते.

सरकारी हिशेब तपासणाऱ्या 'कॅग'ने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत मांडलेला अहवाल याबाबत बोलका आहे. २००५ ते मार्च २०१८ या काळात ६६,४२७ कोटी रुपयांचे ४६ ऑफसेट करार झाले होते. डिसेंबर २०१८ पर्यंत त्यांपैकी १९,२२३ कोटींचे काम व्हायला हवे होते. कंपन्यांनी दावा केला ११,३९६ कोटींचा, आणि त्यातलेही ५,४५७ कोटींचेच दावे मान्य झाले. राफेलच्या विक्रेत्यांनी तीस टक्के ऑफसेट डीआरडीओला उच्च तंत्रज्ञान देऊन फेडण्याचा प्रस्ताव दिला होता. डीआरडीओला लढाऊ विमानांसाठीच्या देशी कावेरी इंजिनासाठी मदत हवी होती, पण अहवाल तयार होईपर्यंत त्याला विक्रेत्याचा होकार आलेला नव्हता. माझ्या मते त्या अहवालातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच. भाग बनवण्याचे काम कोणीही विक्रेता आनंदाने देतो. इंजिनाच्या गरम भागांचे ज्ञान मात्र हातचे राखतो.

२०२० मध्येच नव्या संरक्षण खरेदी नियमावलीने दोन सरकारांमधील थेट व्यवहार आणि एकाच विक्रेत्याकडून होणारी खरेदी यांना ऑफसेटमधून वगळले. ऑफसेटचा खर्च विक्रेता शेवटी किमतीतच धरतो, असे त्यामागचे कारण सांगण्यात आले.

आता ओझरविषयी. डिसेंबर २००० मध्ये १४० सुखोई-३० एमकेआय विमाने परवान्याने बांधण्याचा करार झाला आणि पुढे मागणी वाढत गेली. विमानाची बांधणी ओझरला आणि इंजिनाची ओडिशातील कोरापूटला, अशी विभागणी झाली. तयार भागांची जुळणी करण्यापासून सुरुवात करून कच्च्या मालापासून भाग घडवण्यापर्यंत हिंदुस्थान एरोनॉटिक्स (एचएएल) ही सरकारी कंपनी पोहोचली, तरी विमानाच्या आराखड्याचा अधिकार रशियाकडेच राहिला आणि अनेक महत्त्वाचे साहित्य व सुटे भाग तिथूनच येत राहिले. परवान्याने विमान बांधता येते; पुढचे विमान आखता येत नाही. असे असले तरी त्या वर्षांना वाया गेलेली म्हणणे अन्यायाचे होईल. सुखोईला ब्राह्मोससारखे अडीच टनांचे क्षेपणास्त्र पेलता यावे म्हणून करावे लागलेले बदल नाशिकमध्येच झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सुखोईवरून ते डागण्याची पहिली चाचणी यशस्वी झाली. तेजस मार्क-१ए या देशी लढाऊ विमानाची नवी उत्पादन साखळीही तिथेच उभी राहिली आहे.

म्हणूनच एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-मरीन विमानांचा करार झाला तेव्हा बातम्यांत विमानाचे धड, म्हणजे मुख्य सांगाडा, बनवण्याच्या कारखान्याचीच चर्चा अधिक झाली असली, तरी भारतीय शस्त्रे येथेच विमानावर बसवण्यासाठी तंत्रज्ञान देण्याचे कलम मला अधिक मोलाचे वाटते.

प्रश्न : आमचा सुटे भाग बनवणारा लहान कारखाना आहे. अशा व्यवहारांतून आम्हाला काम मिळू शकते का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मिळू शकते, पण केवळ एका खरेदीच्या भरवशावर यंत्रे घेऊ नयेत. विमान उद्योगातील गुणवत्तेचे एएस ९१०० प्रमाणपत्र ही पहिली पायरी असते. उष्णता प्रक्रिया आणि मुलामा देणे यांसारख्या कामांना वेगळी मान्यता लागते, आणि प्रत्येक भाग कोणत्या धातूच्या कोणत्या ओतीतून आला, याची नोंद वर्षानुवर्षे जपावी लागते. पहिल्या नमुन्याच्या तपासणीतच कित्येक महिने जातात. इतके करून ३६ विमानांसाठी एखाद्या भागाचे जेमतेम काही डझन नग लागणार असतील, तर साच्यांचा खर्चही निघत नाही. हैदराबादमध्ये टाटा आणि बोइंग यांच्या कारखान्यात अपाचे हेलिकॉप्टरचे सांगाडे बनतात ते जगभरच्या ग्राहकांसाठी. म्हणून ते काम भारताच्या मागणीवर अडून राहत नाही. अशा कारखान्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या फळीतील पुरवठादार होण्याचा प्रयत्न करावा, आणि करार करताना किमान नगसंख्या व मुदत लेखी मागून घ्यावी.