नवे रूल्स, जुनं टेबल: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नव्या पुस्तकांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, भरपूर आलेत, त्यातले काही इथे घेतोय. ज्यांना हा खेळच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण डीएम म्हणजे डंजन मास्टर, तो सगळं जग आणि त्यातले राक्षस सांभाळतो, बाकीचे एकेक कॅरेक्टर घेऊन त्या जगात फिरतात, आणि पुढे काय होईल ते नक्की नसलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पाचवी एडिशन २०१४ ची. तिचेच रूल्स दुरुस्त करून सप्टेंबर २०२४ मध्ये नवं प्लेयर्स हँडबुक आलं, नोव्हेंबरमध्ये डंजन मास्टर्स गाइड, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल. बहुतेक प्रश्न त्याच्यावरच आहेत.

प्रश्न (पुण्याहून एक डीएम): आमचं कॅम्पेन (अनेक सेशन्स चालणारी एकच गोष्ट) २०१४ च्या रूल्सवर चालू आहे, सगळे आठव्या लेव्हलला पोचलेत. दोघांनी नवीन पुस्तक घेतलंय आणि ते म्हणतात आता बदलूया. आमचा पॅलाडिनवाला (शपथ घेतलेला पवित्र योद्धा खेळणारा) मात्र जाम नाराज आहे, म्हणतो माझ्या स्माइटची, म्हणजे वार लागला की जास्तीचं डॅमेज देणाऱ्या शक्तीची, वाट लावली. काय करू?

उत्तर: बदला, पण कथेतला चालू भाग संपू द्या. किल्ल्याच्या अर्ध्यात असताना कॅरेक्टर शीट बदलायला लावलीत तर पुढची दोन सेशन्स नुसती आकडेमोड होईल आणि गोष्टीतली मजाच जाईल. किल्ला संपला, पार्टी गावात परतली, दोन-चार महिने मध्ये गेले असं सांगा आणि एक संध्याकाळ फक्त शीट्ससाठी ठेवा, सगळ्यांनी एकत्र बसून, घरून करून आणायला सांगू नका कारण कुणीच करून आणत नाही. आठव्या लेव्हलला त्रास तसा कमी होतो. सगळ्यात मोठा बदल सुरुवातीच्या लेव्हल्सना आहे, सबक्लास (क्लास म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, त्यातली खास शाखा) आता सगळ्यांनाच तिसऱ्या लेव्हलला मिळतो, पूर्वी क्लेरिक म्हणजे पुजारी, आणि सॉर्सरर, वॉरलॉक या जादूवाल्यांना पहिल्याच लेव्हलला मिळायचा. तुमची मंडळी ते सगळं ओलांडून पुढे आलीयेत. जुनं छापील ॲडव्हेंचर चालवत असाल तर तेही चालतं, राक्षसांचे आकडे नव्या मॅन्युअलमधले घ्या की झालं.

आता पॅलाडिन. त्याची नाराजी मला समजते, पण इथे मी नव्या रूलच्या बाजूने आहे. जुन्या रूलमध्ये आठव्या लेव्हलचा पॅलाडिन एका टर्नमध्ये दोन वार करायचा, दोन्ही लागले की दोन्हीवर स्माइट, दुसऱ्या लेव्हलचे स्लॉट (जादू वापरायचा मोजका साठा) टाकले तर प्रत्येकी ३डी८ (आठ बाजूंचे तीन फासे), म्हणजे नुसत्या स्माइटचे सरासरी २७ पॉइंट्स, तलवारीचं डॅमेज वेगळंच. डीएमने आठवडाभर बसून तयार केलेला खलनायक तोंड उघडायच्या आत आडवा, आणि बाकीचे तिघं नुसते बघत बसलेत. हे प्रत्येक टेबलावर झालंय. आता स्माइट हा स्पेल (मंत्र) आहे, बोनस ॲक्शन (टर्नमधल्या मुख्य कृतीशिवाय मिळणारी एक छोटी कृती) लागते, म्हणजे टर्नला एकदाच. त्या बदल्यात ले ऑन हँड्स पण बोनस ॲक्शनवर आलंय, म्हणजे दर टर्नला त्याने ठरवायचं की शत्रूला मारू का पडलेल्या मित्राला उठवू. पॅलाडिनसाठी याहून योग्य पेच दुसरा कुठला असणार? त्याला हे सांगून बघा आणि तीन सेशन्स खेळायला द्या. तरीही नको म्हणाला तर जुना स्माइट ठेवा पण टर्नला एकदाच अशी अट घाला.

प्रश्न (कोल्हापूर): पोशन (जखमा भरणारं जादूचं औषध) प्यायला बोनस ॲक्शन, हा आमचा घरचा रूल होता. आता तोच पुस्तकात आलाय म्हणे?

उत्तर: हो, आलाय, आणि बरोबर केलं. असंख्य टेबलं हेच करत होती. अख्खी टर्न घालवून दोन-चार फाशांचं बरं व्हायचं म्हणून पोशन्स पिशवीतच राहायची. तसाच दुसरा चांगला बदल एक्झॉशनचा, म्हणजे थकव्याचा. पूर्वी सहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला वेगळा परिणाम, एकीला वेग अर्धा, दुसरीला हिट पॉइंट्स (किती मार सोसता येईल तो आकडा) अर्धे, कुणालाच पाठ नसायचं, त्यामुळे डीएम लोक एक्झॉशन द्यायचंच टाळायचे. आता प्रत्येक पायरीला वीसच्या फाशावर उणे २ आणि वेगात ५ फूट कमी, सहाव्या पायरीला मृत्यू. पुस्तक न उघडता वापरता येतो. वाळवंटातला प्रवास, उपाशी मोहीम, असलं सगळं आता खरंच खेळता येईल, मी तर लगेच वापरायला घेतलं.

प्रश्न (ठाण्याहून एक डीएम): आमच्यात एक जण दर महिन्याला नव्या सप्लिमेंटमधून (मूळ पुस्तकांना जोड म्हणून निघणाऱ्या पुस्तकातून) काहीतरी आणतो. मित्र आहे, नाही म्हणवत नाही. पण बाकीच्यांची कॅरेक्टर्स त्याच्यापुढे फिकी पडायला लागलीत.

उत्तर: अहो, नाही म्हणणं हे डीएमचं कामच आहे. आणि तुम्ही त्याच्यापेक्षा बाकीच्या तिघांचा विचार करा, त्यांनीही आठवड्यातली एक संध्याकाळ दिलेली असते.

एक उदाहरण घेऊ, २०२० च्या टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या सप्लिमेंटमधला ट्वायलाइट डोमेनचा क्लेरिक (डोमेन म्हणजे क्लेरिकचा सबक्लास). वाचताना फार गोड वाटतो, संध्याप्रकाश, राखणदार देवता वगैरे. त्याची मुख्य शक्ती अशी की एक मिनिटभर त्याच्याभोवती ३० फुटांचा मंद उजेड पसरतो आणि त्या उजेडात जो कोणी आपली टर्न संपवेल त्याला तो क्लेरिक १डी६ अधिक क्लेरिकची लेव्हल एवढे तात्पुरते हिट पॉइंट्स देऊ शकतो. आता हे टेबलावर मांडा. आठवी लेव्हल, पार्टीत चौघं, प्रत्येकाला दर राउंडला (सगळ्यांची एकेक टर्न झाली की एक राउंड) सरासरी साडेअकरा पॉइंट्सचं कवच. समोरून डीएमचे सैनिक येतात, एकेक वार पाच-सहा पॉइंट्सचा, म्हणजे पहिले दोन वार त्या कवचातच जिरले, आणि पुढच्या राउंडला कवच परत नवीन! मग डीएम काय करणार, सैनिक वाढवणार, वार मोठे करणार, आणि मग ज्या दिवशी क्लेरिकवाला आजारी म्हणून येणार नाही त्या दिवशी तीच लढाई सगळ्यांचा जीव घेणार. एका कॅरेक्टरच्या एका पानासाठी डीएमला प्रत्येक लढाई नव्याने बांधावी लागते. माझ्या टेबलावर हा डोमेन बंद आहे आणि मी तो उघडणार नाही.

माझी स्वतःची पद्धत सांगतो. कॅम्पेन सुरू व्हायच्या आधी ठरवायचं: मूळ हँडबुक सगळ्यांना खुलं, त्याशिवाय प्रत्येकाला एक सप्लिमेंट, कुठलंही, पण एकच आणि ते पुस्तक डीएमने वाचलेलं असलं पाहिजे. मध्येच काही नवीन हवं असेल तर ते कथेतून मिळवायचं. तुमच्या मित्राला तो नवा स्पेल हवाय ना, मग तो स्पेल कुठल्यातरी मेलेल्या जादूगाराच्या वहीत आहे आणि ती वही दलदलीतल्या मनोऱ्यात आहे, चला आणायला. त्याला स्पेल मिळतो, सगळ्यांना एक मोहीम मिळते. आणि तो स्पेल बघताना एवढंच बघा की त्याने इतरांच्या टर्नचं काय होतं.

खरं सांगायचं तर प्लेयरच्या शक्ती वाढवणाऱ्या सप्लिमेंटपेक्षा मला जागा, माणसं, भानगडी देणारं सप्लिमेंट शंभर पटीने जास्त आवडतं. एक बंदर, त्यातल्या तीन टोळ्या, कोण कुणाचं देणं लागतो, रात्री गोदीत काय उतरतं, असं वीस पानी पुस्तक मिळालं तर माझा पावसाळा निघतो. चाळीस नवीन सबक्लासेस मिळाले तर त्यातले दोन वापरले जातात.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक वाचक, वय साठच्या पुढे): मी ऐंशीच्या दशकात इथे शिकायला आलो तेव्हा हॉस्टेलवर हा खेळ खेळलो. तेव्हा किती साधा होता! आता सप्लिमेंट्सनी खेळ जड झालाय असं तुम्हाला वाटत नाही का?

उत्तर: काका, तुमच्या आठवणी वाचून फार आनंद झाला. पण खेळ साधा होता हे मी अर्धंच मान्य करीन. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा पहिला डबा आला, हजार प्रती, आत तीन छोट्या पुस्तिका. त्यात क्लासेस तीनच, फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर, क्लेरिक, आणि शस्त्र कुठलंही असो, डॅमेज १डी६. खंजीर पण तेवढाच, दोन हातांची तलवार पण तेवढीच. पुढच्याच वर्षी, १९७५ ला, ग्रेहॉक नावाचं पहिलं सप्लिमेंट आलं आणि त्यातून थीफ आला, पॅलाडिन आला, शस्त्राप्रमाणे वेगळं डॅमेज आलं. म्हणजे ज्याला आज आपण या खेळाचा आत्मा समजतो त्यातलं बरंचसं सप्लिमेंटमधूनच आलंय. १९७६ च्या एल्ड्रिच विझार्ड्रीतून ड्रुइड आला. तुमच्याच काळात, १९८५ ला, अनअर्थ्ड आर्केना आलं, बार्बेरियन आणि कॅव्हेलियर घेऊन.

आणि जड म्हणाल तर ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स या तेव्हाच्या मोठ्या आवृत्तीतला तो तक्ता आठवा, कुठलं शस्त्र कुठल्या चिलखतावर किती कमी-जास्त. मी सेकंड एडिशनपासून खेळतोय, थॅकोची (वार लागायला फाशावर किती हवं ते काढायच्या जुन्या पद्धतीची) वजाबाकी तोंडी करत मोठा झालो, पण तो तक्ता मनापासून वापरणारा माणूस मला अजून भेटायचाय. लोकांनी तेव्हाही रूल्स निवडूनच घेतले. तुम्हाला जो साधेपणा आठवतोय तो मला वाटतं तुमच्या डीएमने गाळून दिलेला होता, आणि त्याचं श्रेय त्यालाच द्यायला पाहिजे.

तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. २००३ ला साडेतीन एडिशन आली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत पुस्तकांचा अक्षरशः पूर आला, पाच पुस्तकं मांडून एक कॅरेक्टर बनवायचं आणि ते खेळायला मात्र वेळ नाही, हे मी जवळून बघितलंय आणि त्याने चांगले ग्रुप मोडले. आता परत तसं व्हायला नको, म्हणूनच मी वर ठाण्याच्या वाचकांना एवढं लांबलचक लिहिलं. तुम्हाला परत खेळायचं असेल तर ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स बघा, १९८१ चे बेसिक-एक्सपर्ट रूल्स नीट मांडणी करून दिलेत, नातवंडांना एका संध्याकाळी शिकवता येईल.

प्रश्न (नागपूर): वेपन मास्टरी चांगली की वाईट? आमच्याकडे लढाई लांबत चाललीय.

उत्तर: चांगली, फार चांगली. इतकी वर्षं फायटरवाला काय करायचा, "मी मारतो," फासा, "लागला," संपलं, आणि शेजारचा विझार्ड दहा मिनिटं स्पेल निवडतोय. आता शस्त्रागणिक वेगळा परिणाम आहे. समजा पाचव्या लेव्हलचा फायटर, हातात मॉल म्हणजे तो मोठा घण, त्याची मास्टरी टॉपल. वार लागला की समोरच्याने कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह करायचा (अंगातल्या काटकपणावर बचावाचा फासा), नाहीतर आडवा. समोर ओगर नावाचा राक्षस आहे, त्याला फाशात अधिक ३, गाठायचा फायटरचा आकडा १५, म्हणजे ओगरला फाशावर बारा किंवा वर पाहिजे. पडला! आता फायटरच्या दुसऱ्या वाराला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा), जवळच्या रोग म्हणजे चोरट्या कॅरेक्टरला ॲडव्हांटेज, पण लांबून बाण मारणारीला डिसॲडव्हांटेज (दोनातला छोटा). मग ती ओरडते, "अरे थांब ना, आधी मला मारू दे, मग पाड!" आणि टेबलावर चर्चा सुरू. कोण आधी, कोण नंतर, कोण कुठे उभं राहणार. नव्या रूलमुळे प्लेयर्स एकमेकांशी बोलायला लागले तर मी त्याला अर्धा तास जास्त द्यायला तयार आहे.

लांबतंय ते सेव्हमुळे. उपाय सोपा: फायटरवाल्याने तो १५ चा आकडा मोठ्या अक्षरात कार्डावर लिहून समोर ठेवायचा आणि तो वाराचा फासा टाकतो त्याच वेळी डीएमने सेव्हचा टाकून ठेवायचा. वार नाही लागला तर तो फासा सोडून द्या. आणि ओगर आधीच आडवा असेल तर परत सेव्ह मागू नका, काही ग्रुप तेही करतात!

प्रश्न (नाशिकहून एक कॉलेजचा विद्यार्थी): सर, हँडबुकची किंमत आम्हाला परवडत नाही. आम्ही पाच जण आहोत. पायरेटेड पीडीएफ वापरायची नाहीये. काही मार्ग?

उत्तर: पायरेटेड नको म्हणालास हे फार आवडलं. आणि तुला त्याची गरजही नाही. हँडबुकची अमेरिकेतली छापील किंमत ४९.९९ डॉलर आहे, विद्यार्थ्यांना ती जास्तच. पण सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट म्हणजे एसआरडी, मूळ रूल्सचा गाभा, पूर्ण फुकट आहे, कायदेशीर. जानेवारी २०२३ मध्ये हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने जुनं ओपन लायसन्स (ज्याखाली इतरांना या रूल्सवर आपली पुस्तकं काढता येतात) बदलायचं ठरवलं होतं, त्याचा मसुदा बाहेर फुटला, जगभरचे खेळाडू खवळले, आणि २७ जानेवारीला कंपनीने माघार घेऊन एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही वापरू देणाऱ्या लायसन्सखाली खुला केला. एप्रिल २०२५ मध्ये नव्या रूल्सचा एसआरडी ५.२ पण तसाच आला. ते आता परत काढून घेता येत नाही. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत या खेळात झालेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कुठल्याही सप्लिमेंटपेक्षा मोठी, आणि ती खेळाडूंनी मिळवलीय.

त्यात बाराही क्लासेस आहेत, प्रत्येकाचा एक सबक्लास, चार बॅकग्राउंड्स, स्पेल्स, वेपन मास्टरी, आणि वर्षभर पुरून उरतील इतके राक्षस. बिहोल्डर, माइंड फ्लेअर असे काही नामांकित राक्षस नाहीत, पण पहिल्या लेव्हलला तुम्हाला त्यांच्याशी काय घेणंदेणं. अख्खं प्रिंट करू नका, पाच जणांच्या पाच क्लासेसची पानं, लढाईचं प्रकरण आणि पहिल्या-दुसऱ्या लेव्हलचे स्पेल्स एवढंच काढा आणि स्पायरल करून घ्या. सात फाशांचा एक सेट सगळ्यांत मिळून सुरुवातीला पुरतो.

आणि अजून एक, या लायसन्सखाली मूळ श्रेय दिलं की भाषांतर करता येतं, वाटता येतं, विकताही येतं. म्हणजे मराठी एसआरडी करायला तुम्हाला कोणाची परवानगी नको. पाच जण आहात, फायटर, क्लेरिक आणि लढाईचं प्रकरण आधी घ्या, तेवढ्यावर खेळ सुरू होतो. पहिली वीस पानं झाली की मला नक्की पाठवा, तपासून द्यायला मी बसतो तुमच्याबरोबर.